‘द थर्ड मॅन’चं व्हिएन्ना : खरं किती, उभारलेलं किती?

तिरपाकोन

आधीच सांगतो, धाग्यात शेवटासकट सगळं फोडलेलं आहे. ज्यांनी ‘द थर्ड मॅन’ पाहिला नाही त्यांनी तो आधी पाहावा आणि मग इथे भांडायला यावं.

बाकीच्यांसाठी उजळणी. दुसरं महायुद्ध संपलंय, व्हिएन्ना चार विजेत्यांनी वाटून घेतलंय. हॉली मार्टिन्स हा फुटकळ काउबॉय कादंबऱ्या लिहिणारा अमेरिकन, मित्राने बोलावलं म्हणून येतो आणि थेट त्याच्या दफनविधीलाच पोचतो. पुढे कळतं की मित्र, म्हणजे हॅरी लाइम, जिवंत आहे आणि पातळ केलेलं पेनिसिलिन काळ्या बाजारात विकून त्याने लहान मुलांचे बळी घेतलेत. लेखन ग्रॅहॅम ग्रीनचं, दिग्दर्शन कॅरल रीडचं, साल १९४९.

या सिनेमाबद्दल कुठेही वाचा, ‘प्रत्यक्ष व्हिएन्नात चित्रित’ हे शब्द येतातच. ते अर्धसत्य आहे. व्हिएन्नातलं मुख्य चित्रीकरण साधारण सहा आठवड्यांचं. ११ डिसेंबर १९४८ ला ते आटोपलं. मग मंडळी लंडनजवळच्या आयल्वर्थ आणि शेपर्टनच्या स्टुडिओंत गेली आणि मार्च १९४९ पर्यंत तिथे काम करत राहिली. मी मागे व्हिएन्नात या जागा शोधत फिरलो. माझं म्हणणं असं, की यातल्या बहुतेक जागा खऱ्या आहेत, पण त्यांचा एकमेकींशी दाखवलेला संबंध साफ खोटा आहे.

हॅरीचं घर घ्या. योझेफ्सप्लात्झ चौकातला पालाविचिनी राजवाडा, क्रमांक ५. दारावर दोन्ही बाजूंना दगडी स्त्रिया उभ्या आहेत, त्या आजही तशाच. समोर सम्राट दुसऱ्या योसेफचा अश्वारूढ पुतळा. हॅरी मेल्याचा बनाव ज्यात रचला तो ‘अपघात’ इथलाच. या चौकात सिनेमा आणि वास्तव तंतोतंत जुळतात, त्यामुळे तुम्ही बेसावध होता. पुढे फसगत सुरू.

कॅफे मोझार्ट नावाचं खरंखुरं कॅफे ऑपेराच्या मागे अल्बर्टिनाजवळ आहे. तिथे भिंतीवर सिनेमाची आठवण जपलेली आहे, लोक फोटो काढतात. सिनेमातलं कॅफे मोझार्ट मात्र थोडं पलीकडे नॉयर मार्क्टवर नुसती पाटी लावून उभं केलेलं होतं.

आता तो प्रसिद्ध दरवाजा. मांजर, बूट, वरच्या खिडकीतून पडलेला उजेड आणि हॅरी झालेल्या ऑर्सन वेल्सचं ते हसू. श्रायफोगेलगासं नावाची गल्ली, क्रमांक ८. दार अगदी साधं आहे, शेजारून सायकली जातात, कुणी मान वळवून बघत नाही. इथून हॅरी पळतो आणि आम होफ चौकात एका जाहिरातींच्या गोल खांबापाशी गायब होतो, कारण खांबाच्या पोटात गटारात उतरायचं दार आहे. आम होफ त्या दारापासून चारेकशे मीटरवर आहे, तेवढं ठीक. पण तो खांब चित्रीकरणासाठी आणून ठेवलेला होता. चौकात मी उगाच फरशी निरखत फिरलो.

शेवटचा पाठलाग तर विचारूच नका. हॉली ज्या कॅफेत हॅरीची वाट बघतो ते होहर मार्क्टवर. त्यानंतर गटारातली जी भव्य कमान दिसते ती कार्ल्सप्लात्झच्या बाजूची. मध्ये सव्वा किलोमीटर तरी अंतर. सिनेमात ते एका श्वासात कापलं जातं.

आणखी कुणी हिंडलं असेल तर लिहा. फोटो दुसऱ्या फोनमध्ये आहेत, सवडीने टाकतो.

मृण्मयी८३

मस्त धागा! वाचतेय. मे महिन्यात आईबाबा आणि लेकीला घेऊन प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट करतोय. बाबांचा हा सिनेमा पाठ आहे. यातलं नक्की काय दाखवू त्यांना? लेक नऊ वर्षांची आहे, ती कंटाळणार नाही असंही काही सुचवा.

दानुबकाठी

मी इथेच राहते, त्यामुळे थोडी भर घालते.

तिरपाकोन, गटाराचं चित्र तुम्ही लिहिलंत त्याहून गुंतागुंतीचं आहे. ती मोठी कमान म्हणजे गटार नाहीच, ती वीन नदी आहे. शहराच्या मधल्या भागात १८९० च्या दशकात ही नदी बांधून काढली आणि वरून झाकली. तिच्या दोन्ही अंगांना सांडपाण्याचे जे कालवे आहेत ते आणखी जुने, १८३१ च्या पटकीच्या साथीनंतरचे. लोक त्यांना अजून ‘कॉलरा कालवे’ म्हणतात. त्याआधी सगळी घाण थेट नदीत जायची. म्हणजे हॅरी लाइम ज्या भुयारांतून पळतो ती शहराने साथीच्या भीतीने खणलेली आहेत. औषधात भेसळ करणाऱ्याला ग्रीनने नेमका तिथे नेऊन मारलाय, हे ठरवून केलं का योगायोग, मला माहीत नाही, पण खाली उतरल्यावर ते डोक्यातून जात नाही.

हो, खाली उतरता येतं. शहराचं मलनिःसारण खातंच ‘थर्ड मॅन’ची सहल चालवतं. कार्ल्सप्लात्झजवळ गिरार्डीपार्कमधून गोल जिन्याने उतरायचं. डोक्यावर दिव्याचं हेल्मेट देतात. साधारण मे ते ऑक्टोबर चालू असते आणि पाऊस असला की रद्द, कारण पाणी फार पटकन चढतं. आत भिंतीवर सिनेमातले तुकडे दाखवतात. वास येतो, पण वाटतो तेवढा नाही.

मृण्मयी, लेकीला बहुतेक सोडणार नाहीत, वयाची अट आहे. तिला प्राटर बागेतल्या मोठ्या गोल पाळण्यात बसव, सिनेमात आहे तोच.

चाळीतला चष्मा

दानुबकाठी, माहितीबद्दल आभार. पण मंडळी, गटारात जाऊन ‘इथे ऑर्सन वेल्स धावला’ म्हणत कृतकृत्य होऊ नका. तो तिथे जेमतेम उतरला. वास आणि थंडी बघून त्याने तिथे काम करायला नकार दिला. त्यामुळे व्हिन्सेंट कोर्डाने, म्हणजे निर्माता अलेक्झांडर कोर्डाच्या भावाने, शेपर्टनला गटाराचा सेट लावला. वेल्सचा चेहरा जवळून दिसतो ती भुयारं बहुतेक तिथली. लांबून धावणाऱ्या आकृत्या व्हिएन्नातल्या, त्याही बदली माणसांच्या.

आणि भिंतीवर धावत जाणारी ती अवाढव्य सावली? ती सहायक दिग्दर्शक गाय हॅमिल्टनची. कोटात भरताड घालून, हॅट चढवून त्याला पळवला. पुढे त्याच हॅमिल्टनने बॉण्डपट केले. रस्त्याच्या लोखंडी जाळीतून वर येणारी बोटं आठवतात? ती स्वतः कॅरल रीडची.

म्हणजे हिशोब मांडा. सावली एकाची, बोटं दुसऱ्याची, पाठमोरा तिसरा आणि चेहरा इंग्लंडात. तरी आपण सत्तर-पंचाहत्तर वर्षं ‘काय धावलाय वेल्स!’ म्हणतोय. याला म्हणतात संकलन.

खडूस आजोबा

आम्ही हा सिनेमा फिल्म सोसायटीच्या जमान्यात पाहिला. खुर्च्या लोखंडी, प्रिंट फाटकी, मध्येच रीळ बदलायला दिवे लागायचे. कुठला दरवाजा आणि कुठला चौक असली चौकशी आम्ही कुणी केली नाही. तुम्ही लोक सिनेमा बघता की सातबारा काढता?

तिरपाकोन

आजोबा, सातबारा काढल्यावरच कळतं ना कोणाची जमीन कोणी लाटली ते!

मुद्दा असा की रीडला हे माहीत होतं. चार फौजांच्या ताब्यातल्या शहरात परक्या माणसाला दिशा कळत नाही, कोण कोणत्या हद्दीत आहे ते कळत नाही. मधला पहिला विभाग चौघांच्या सामाईक ताब्यात, बाकीचे वाटून घेतलेले. पाळणा ज्या प्राटरमध्ये आहे तो भाग रशियनांकडे, स्मशान ब्रिटिशांकडे. नकाशा फाडून वेगळा चिकटवला की हॉलीची भंजाळलेली अवस्था आपल्याला आपोआप लागू होते. जर्मन संवादांना सबटायटल्स दिली नाहीत तीही त्याचसाठी. हॉलीला कळत नाही, तर आपल्यालाही कळायचं नाही.

आणि तो तिरपा कॅमेरा (माझ्या आयडीचं उगमस्थान). दिग्दर्शक विल्यम वायलरने सिनेमा पाहिल्यावर रीडला गवंड्याची लेव्हल भेट पाठवली होती, पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर ठेव म्हणून. :)

एचए कॉलनीकर

थोडं अवांतर, पण विषयाला धरून.

आजच्या मुलांना हा सिनेमा दाखवला की पहिला प्रश्न येतो, पेनिसिलिनसाठी एवढं? मेडिकलमध्ये मिळतं की! आम्ही पिंपरीला एचए कॉलनीत वाढलो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. स्वतंत्र भारताला पेनिसिलिन बाहेरून आणावं लागायचं, म्हणून सरकारने हा घाट घातला. सिनेमा त्याच्या पाच वर्षं आधीचा. युद्धात हे औषध आधी सैन्याला, उरलं तर रुग्णालयाला, असा प्रकार होता. व्हिएन्नात ते लष्करी रुग्णालयांकडेच असायचं. तिथून चोरलं की सोन्याच्या भावाने जायचं, आणि पाणी घालून वाढवलं की दुप्पट कमाई. डोस कमी पडला की जंतू मरत नाहीत, रोगी मरतो किंवा आयुष्यभराचा अधू होतो.

ग्रीनने हे कल्पनेतून काढलेलं नाही. १९४८ च्या फेब्रुवारीत तो व्हिएन्नात गोष्टीच्या शोधात होता आणि एका ब्रिटिश गुप्तचर अधिकाऱ्याने त्याला गटारातल्या पोलिसांबद्दल आणि पेनिसिलिनच्या धंद्याबद्दल सांगितलं. मुलांच्या वॉर्डातला तो प्रसंग आठवा. एकही मूल पडद्यावर दिसत नाही. कुठल्या इमारतीत घेतला याने तिथे काहीही फरक पडत नाही, असं माझं मत.

चाळीतला चष्मा

एचए कॉलनीकर, +१. तो वॉर्ड म्हणजे चेहऱ्यांवर चालणारा प्रसंग, भिंती कुठल्याही चालल्या असत्या.

पण पाळण्याचं बघा. रीझनराडच्या डब्यातला तो संवाद, खाली दिसणारे माणसांचे ठिपके, आणि हॅरीचं निर्लज्ज गणित. पाळणा बाहेरून खरा. आतला डबा स्टुडिओतला, खिडकीमागे पडद्यावर प्राटरचं चित्रण सोडलेलं. आता मुद्दाम बघितलं तर मागचं दृश्य किंचित सपाट वाटतं. शेवटी तो ‘स्वित्झर्लंडने शांततेतून काय दिलं, तर कोकिळेचं घड्याळ’ हा टोला वेल्सने स्वतः घातलेला, ग्रीनच्या लिखाणात नव्हता. तेव्हा सिनेमातलं सगळ्यात गाजलेलं ‘व्हिएन्ना’ इंग्लंडातल्या एका खोक्यात घडलं आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य लेखकाचं नाही.

दानुबकाठी

पाळण्याची स्वतःची गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. १८९७ चा तो, सम्राट फ्रान्झ योझेफच्या राज्यारोहणाच्या पन्नाशीच्या निमित्ताने वॉल्टर बॅसेट या इंग्रज अभियंत्याने उभारलेला. उंची जवळजवळ ६५ मीटर. मूळचे डबे ३०. पहिल्या महायुद्धानंतर एदुआर्द श्टायनर नावाच्या ज्यू व्यापाऱ्याने तो विकत घेतला, खरं तर मोडीत काढायला, पण मोडला नाही. १९३८ मध्ये नाझींनी तो त्याच्याकडून हिसकावला आणि १९४४ मध्ये श्टायनरला आउश्वित्झमध्ये मारलं. त्याच वर्षी पाळणाही जळाला. युद्धानंतर डागडुजी करून १९४७ मध्ये पुन्हा फिरू लागला, पण सांगाडा कमजोर झाला म्हणून डबे निम्मेच लावले, १५. आजही पंधराच आहेत.

सिनेमात बघा, डब्यांमधलं अंतर जरा जास्त वाटतं. ते याचमुळे. चाळीतला चष्मा म्हणतात तसं आतलं सगळं नकली असेल, पण बाहेरचा तो अर्धा रिकामा पाळणा कुठल्याही कलादिग्दर्शकाला सुचला नसता.

खडूस आजोबा

हे मात्र माहीत नव्हतं. लिहा, अजून लिहा.

दानुबकाठी

:) बरं, मग ढिगाऱ्यांबद्दल.

होहर मार्क्टवर हॅरी पडक्या भिंतींच्या माथ्यावर येऊन उभा राहतो ना, ते पडीक बांधकाम सेट नव्हे. चौक युद्धात खरंच उद्ध्वस्त झाला होता. आज तिथे जाल तर चारी बाजूंना पन्नाशीच्या दशकातल्या चापूनचोपून बसवलेल्या इमारती आहेत, मधलं कारंजं सोडलं तर ओळखीचं काही सापडणार नाही. तुम्ही आम होफला खांब शोधलात, मी होहर मार्क्टला ढिगारा शोधला. सापडला नाही याचा आनंद मानायचा, पण सिनेमावेड्याला तेवढं मोठं मन कुठून असणार!

खऱ्या कॅफे मोझार्टच्या समोर अल्बर्टिनाप्लात्झ आहे. तिथे फिलिपहोफ नावाची भली मोठी इमारत होती. १२ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती कोसळली आणि तळघरात आसऱ्याला गेलेली शेकडो माणसं तिच्याखाली गाडली गेली. कितीतरी जणांना बाहेर काढताच आलं नाही. आज तिथे युद्ध आणि फॅसिझमविरोधी स्मारक आहे. त्याच दिवशी शेजारचा ऑपेराही जळाला, तो १९५५ मध्ये परत उघडला. चित्रीकरण झालं तेव्हा या सगळ्याला चार वर्षंही झाली नव्हती. रस्त्यांवरून फिरणारे सुरकुतलेल्या चेहऱ्यांचे म्हातारे, खिडक्यांतून डोकावणाऱ्या बाया यांच्याकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघते.

तिरपाकोन

हे वाचून माझ्याच मुद्द्याला थोडी धार येतेय. भूगोल खोटा, पण पडझड खरी. आणि जी पडझड खरी होती ती आज नाही, म्हणून आपण फिरतो तेव्हा शाबूत राहिलेले दरवाजे तेवढे हाती लागतात.

तरी रस्त्यांची ती ओली चमक निसर्गाची नाही हं. अग्निशमन दलाकडून फरसबंदीवर पाणी मारून घेतलंय. काळ्या दगडावर दिव्याची तिरीप पडावी म्हणून. रॉबर्ट क्रास्करला छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं त्यात त्या बंबाचाही वाटा आहे.

रुळावरचा

पुलाचं राहिलं की. हॅरीच्या टोळीतले लोक ज्या पुलावर भेटतात, वरून खूप उंचावरून घेतलेला शॉट, तो राइशब्रूक. युद्धातून तगलेला शहरातला डॅन्यूबवरचा तो एकटाच मोठा पूल. आणि १ ऑगस्ट १९७६ ला, रविवारी पहाटे, कुणी बॉम्ब न टाकता, आपला आपण कोसळला. एक माणूस गेला. दिवस कामाचा असता तर काय झालं असतं कोण जाणे. सध्याचा पूल १९८० चा, खालून भुयारी रेल्वे जाते. त्यामुळे तिथे सिनेमातलं काही शोधू नका, नदी तेवढी आहे.

(मी पुलांचा माणूस आहे, सिनेमाचा नाही. बायकोने धागा पाठवला.)

खडूस आजोबा

रुळावरचा, बायकोला आमचा नमस्कार सांगा.

आता एक गोष्ट मीच सांगतो, कारण संगीताचं कुणी काढलं नाही. अँटॉन करास हा व्हिएन्नात वाइनच्या गुत्त्यांतून झिथर हे तंतुवाद्य वाजवून पोट भरणारा माणूस. रीडने त्याला ऐकलं आणि लंडनला उचलून नेलं. दुसरं एकही वाद्य नाही, सगळ्या सिनेमाला फक्त झिथर. धून जगभर गाजली. पैसा मिळाल्यावर त्याने आपल्या गावात स्वतःचाच गुत्ता काढला. तुम्ही जागा शोधत बसा, मला विचाराल तर या सिनेमातलं सगळ्यात अस्सल व्हिएन्ना कानाला ऐकू येतं, आणि तेही मुद्रित झालंय लंडनला.

चाळीतला चष्मा

आजोबा, दंडवत. शेवटच्या वाक्याने तुम्ही माझ्याच पार्टीत आलात.

एचए कॉलनीकर

स्मशानाबद्दल कुणी लिहाल का? शेवटचा शॉट खरा आहे ना? की तोही शेपर्टनला झाडं लावून?

तिरपाकोन

खरा. त्सेंट्रालफ्रीडहोफ, १८७४ मध्ये सुरू झालेलं, अडीच चौरस किलोमीटरचं अवाढव्य स्मशान. शहरात आज जितके जिवंत आहेत त्याहून जास्त माणसं तिथे पुरलेली आहेत. सिनेमा हॅरीच्या खोट्या दफनाने तिथे सुरू होतो आणि खऱ्या दफनाने तिथेच संपतो. दोन्ही बाजूंना निष्पर्ण झाडं, हॉली गाडीला टेकून उभा, आणि लांबून हॅरीची प्रेयसी अ‍ॅना चालत येते, येते, येते आणि त्याच्याकडे न बघता निघून जाते. ग्रीनला दोघं एकत्र यायला हवी होती. रीडने ऐकलं नाही. ग्रीनने नंतर लिहून कबूल केलं की रीडचंच बरोबर होतं.

इथे मात्र त्याने काहीच कापलं-जोडलं नाही. ती जेवढं अंतर चालते तेवढं आपल्याला बघावंच लागतं. सबंध सिनेमाभर शहराचे तुकडे करणारा माणूस शेवटी एका सरळ रस्त्यावर कॅमेरा ठेवून गप्प राहतो. मला ही त्याची सगळ्यात मोठी चलाखी वाटते.

चाळीतला चष्मा

मी याच्याशी सहमत नाही. तो शॉट खऱ्या जागेमुळे चालत नाही, लांबीमुळे चालतो. उद्या तसाच रस्ता स्टुडिओत उभारला असता तरी चालला असता. जागेला तुम्ही नको तेवढं श्रेय देताय.

दानुबकाठी

तसला रस्ता उभारायला स्टुडिओच स्मशानाएवढा लागला असता, चष्मेवाले.

आणि अजून एक. हॅरीच्या इमारतीचा तो पोर्टर, जो ‘तिसरा माणूस होता’ म्हणतो आणि मारला जातो, तो पाउल ह्योर्बिगर. इथला मोठा नट, युद्धाच्या अखेरीस नाझींनी तुरुंगात टाकलेला. इंग्रजी येत नव्हतं, उच्चार पाठ करून संवाद म्हटले. १९८१ मध्ये गेला आणि त्याच स्मशानात मानाच्या थडग्यात आहे. स्टुडिओत ते उभारता येणार नाही. :)

मृण्मयी८३

बापरे, काय एकेक माहिती. बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. ते म्हणतात गटार, दरवाजा, पाळणा आणि स्मशान हवंच, बाकी तुम्ही राजवाडे बघा. एका दिवसात बसेल? आईचे गुडघे दुखतात.

दानुबकाठी

बसेल, पण आईंना गटारात नेऊ नकोस, जिना आहे. सकाळी दोघं बाबा-लेक, म्हणजे तू आणि बाबा, गिरार्डीपार्कला जा. आई आणि छोटीला समोरच्या कॅफे म्युझियममध्ये बसव, केक चांगला मिळतो. तिकीट आधी काढून ठेव. दुपारी श्रायफोगेलगासं. दारासमोर पाच मिनिटं पुरतात, मागेच म्योल्कर बास्टाईवर बेथोव्हेन राहायचा ते घर आहे. संध्याकाळी पाळणा, दिवे लागले की जास्त छान दिसतो. स्मशान दुसऱ्या दिवशी ठेव. रिंग रस्त्यावरून ७१ नंबरची ट्राम थेट जाते, बसायला जागा मिळते, दोन नंबरच्या फाटकाला उतरायचं.

शनिवार मध्ये येत असेल तर प्रेसगासंमधलं थर्ड मॅन म्युझियम नक्की. खाजगी संग्रह आहे, करासचं झिथर तिथेच आहे, आणि मुख्यतः शनिवारीच उघडतं, तेव्हा वेळ आधी बघून घे. बुर्ग किनो थिएटरला हा सिनेमा अजून नियमित लागतो, मूळ इंग्रजीत. बाबांना तिथे मोठ्या पडद्यावर दाखव आणि मगच दरवाजा बघायला ने.

मृण्मयी८३

आम्ही शुक्रवारी पोचून सोमवारी निघतोय, म्हणजे शनिवार आहे! बुर्ग किनोचं वेळापत्रक किती दिवस आधी लागतं?